गाळाचा हिशेब

‘जमीन-ऱ्हासाचा समतोल’ हे शब्द 2015 च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले. अर्थ सोपा: जेवढी जमीन बिघडेल, निदान तेवढी सुधारायची. ऐकायला बरं वाटतं. मला खटकतो तो आपला हिशेब.

आपलं गंगापूर धरणच घ्या. त्र्यंबकच्या डोंगरउतारांवरची माती पावसाबरोबर वाहत धरणात येऊन बसते. 2017 पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. योजना वाईट नाही हं. मुरमाड रानात गाळ पडला की ओल टिकते, पीक तग धरतं; शेतकरी उगाच भाड्याचा ट्रॅक्टर लावत नाही. पण इतके घनमीटर गाळ उचलला, म्हणजे इतकी जमीन सुधारली असं मिरवायला लागलो, की मी विचारतो, हा गाळ आला कुठून? वर डोंगर बोडका झाला म्हणूनच ना! तोट्याची पावती आपण जमेच्या बाजूला लावतोय.

गंमत म्हणजे मूळ संकल्पनेला हे मान्यच नाही. 2017 च्या शास्त्रीय आराखड्यात क्रम दिलाय: आधी ऱ्हास टाळा, मग कमी करा, शेवटी भरून काढा. शिवाय भरपाई त्याच प्रकारच्या जमिनीत हवी. उताराचं नुकसान सपाट शेतात फिटत नाही. पाणलोटात काम करणारी आपली माणसं ‘माथा ते पायथा’ म्हणतात, त्यातही माथा आधी येतो. आपण सुरुवात केली थेट धरणाच्या पोटातून. आणि माथ्याकडे? ब्रह्मगिरीच्या पायथ्याचं खोदकाम थांबवा म्हणून 2021 मध्ये नाशिककरांना आवाज उठवावा लागला. तिथे उकरलेली माती कुणाच्या नावे टाकायची, सांगा.