संगीतातील विद्रोह आणि पुसलेली नावे

डिसेंबर १९६३ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चे संगीतसमीक्षक विल्यम मान यांनी बीटल्स या चार तरुणांच्या गाण्यांवर एक लेख लिहिला. एका गाण्याचा शेवट माहलरच्या रचनेच्या शेवटाशी कसा जुळतो, हे त्यांनी शास्त्रीय परिभाषेत दाखवून दिले. त्याच आठवड्यात ‘संडे टाइम्स’मध्ये दुसऱ्या एका समीक्षकाने बीटल्सना बेथोव्हेननंतरचे सर्वश्रेष्ठ रचनाकार ठरवून टाकले. लिव्हरपूल बंदरातल्या या पोरांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. मानसाहेबांनी वापरलेल्या त्या संज्ञेचा अर्थ आपल्याला अजूनही ठाऊक नाही, असे जॉन लेनन पुढे कित्येक वर्षांनी सांगत होता.

या जातीचे कौतुक आपल्या चांगले परिचयाचे आहे. दलित कविता छापली जाऊ लागली तेव्हा तिलाही प्रस्थापितांच्या रसशास्त्राची फूटपट्टी लावली गेली. एखादी ओळ करुणरसात बसली की दाद, न बसली की आक्रस्ताळेपणाचा शिक्का. अभिजात रचनाकार आणि रॉकवाले यांच्या वृत्तीत नाते आहे, हे मला मान्यच आहे. परंतु ते स्वरांच्या जुळणीत शोधणे म्हणजे खालच्याला वरच्याचे प्रमाणपत्र मिळवून देणे होय. हे नाते कोण कोठे बसून जेवत होता, कोणाच्या अंगावर कोणाची वर्दी होती आणि कागदावर कोणाचे नाव लागले, येथे शोधले पाहिजे.

योसेफ हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी सरदारांच्या चाकरीस लागला. त्याचा करारनामा उपलब्ध आहे. वर्दी घालायची, पांढरे मोजे घालायचे, केसांना पावडर लावायची. रोज दिवाणखान्याबाहेर दोनदा हजर राहून हुकूम विचारायचा. आणि जे रचशील ते धन्याचे, दुसऱ्या कोणास द्यायचे नाही. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. माझे आजोबा लग्नात हलगी वाजवीत आणि गावाची शेवटची पंगत उठेपर्यंत मांडवाबाहेर थांबत. हा करारनामा मी प्रथम वाचला तेव्हा तो मला फारसा परका वाटला नाही. अर्थात हायडनला पगार होता आणि त्याला शिवताना कोणी विटाळत नव्हते. हा फरक मी लपवू इच्छित नाही.

१७७२ मध्ये धन्याने उन्हाळी वाड्यावरचा मुक्काम लांबविला. वादकांची बायकामुले दूर राहिली होती. हायडनने एक सिम्फनी रचली. तिच्या शेवटी एकेक वादक आपले वादन संपवतो, मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. अखेर दोन व्हायोलिने उरतात. धनी काय ते समजला आणि दुसऱ्या दिवशी सर्वांना रजा मिळाली, असे सांगतात. या रचनेला समीक्षक विनोद म्हणतात. मी तिला कामगारांची मागणी म्हणतो.

मोझार्टच्या वाट्याला प्रत्यक्ष पंगतच आली. १७८१ मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपसोबत तो व्हिएन्नास गेला तेव्हा त्याचे पान खाजगी नोकरांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर मांडले जाई. हे त्याने स्वतःच वडिलांना चिडून कळविले आहे. त्याने चाकरी सोडली. निरोप म्हणून आर्चबिशपच्या कारभाऱ्याने त्याच्या पार्श्वभागावर लाथ घातली. बेथोव्हेनने तर वर्दीच नाकारली. त्याने उमरावांचे पैसे घेतले, परंतु ते आपल्या कलेचा हक्क म्हणून.

याच नकाराचा वारसा रॉकमध्ये दिसतो. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे बीटल्सचा कार्यक्रम ठरला होता. काळ्या श्रोत्यांना वेगळे बसविणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असे त्यांनी जाहीर केले आणि आयोजकांना नमावे लागले. पंगत मोडण्याचे हे काम आहे. माहलरशी जुळणाऱ्या शेवटापेक्षा मला ते बेथोव्हेनच्या अधिक जवळचे वाटते.

परंतु विद्रोह्याची पूजा करण्याची घाई करू नये. बेथोव्हेनच्या नावातल्या ‘व्हान’मुळे लोक त्याला उमराव समजत आणि त्यानेही हा गैरसमज चालू दिला. १८१८ मध्ये पुतण्याच्या ताब्याचा खटला उमरावांच्या न्यायालयात चालू असताना खानदानीपणाचा पुरावा देता आला नाही, म्हणून खटला सामान्यांच्या न्यायालयाकडे गेला. हा अपमान त्याला फार लागला. रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर २००३ मध्ये ‘सर’ झाला, तेव्हा त्याचाच साथीदार कीथ रिचर्ड्स संतापला होता. वरच्या पंगतीविरुद्ध उठलेल्या माणसाला त्याच पंगतीत पान हवेसे वाटते. आपल्याकडची उदाहरणे वाचकांनीच आठवावीत.

याहून गंभीर बाब नावाची आहे. जॉर्ज ब्रिजटॉवर हा आफ्रिकी वंशाच्या बापाचा मुलगा. बाप एस्टरहाझींच्याच पदरी होता. बेथोव्हेनने आपला नववा व्हायोलिन सोनाटा त्याच्यासाठी रचला. २४ मे १८०३ रोजी व्हिएन्नात दोघांनी तो प्रथम वाजविला. रचना इतकी ताजी होती की दुसरा भाग ब्रिजटॉवरने बेथोव्हेनच्या हस्तलिखितावरूनच वाजविला. त्याने ऐन वेळी घातलेल्या एका जागेवर बेथोव्हेनने उठून त्याला मिठी मारली. नंतर दोघांचे बिनसले. १८०५ मध्ये सोनाटा छापून आला तो रोदोल्फ क्रॉयट्सर या फ्रेंच वादकाच्या नावे, आणि क्रॉयट्सरने तो जाहीरपणे कधी वाजविलाच नाही. टॉलस्टॉयच्या १८८९ च्या कथेच्या शीर्षकातही हेच नाव गेले.

रॉकचे सारे भांडवल मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांतून आले. मडी वॉटर्स मळ्यावरचा मजूर होता, १९४३ मध्ये तो शिकागोस आला. रोलिंग स्टोन्स हे नाव त्याच्या गाण्यावरून घेतलेले आहे. या पोरांनी निदान ऋण सांगितले. १९६५ मध्ये त्यांनी हाऊलिन वुल्फला अमेरिकन दूरदर्शनवर आपल्यासोबत आणले आणि स्वतः त्याच्या पायाशी बसले. लेड झेपेलिनने मात्र १९६९ मध्ये ‘होल लॉटा लव्ह’ आपल्या चौघांच्या नावे छापले. त्यातले शब्द विली डिक्सनच्या ‘यू नीड लव्ह’मधून आले होते, जे मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायले होते. डिक्सनने १९८५ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, दावा लावला.

उसने घेण्यात पाप नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले, आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात त्या लढ्याशी असलेले नाते स्पष्ट लिहिले. बेथोव्हेन आणि झेपेलिन यांचे मोठेपण मला नाकारायचे नाही. मी दोघांना ऐकतो आणि वर्गात विद्यार्थ्यांनाही ऐकवतो. मात्र ऐकवताना दोन नावे फळ्यावर लिहितो.

डिक्सनचा दावा १९८७ मध्ये तडजोडीने मिटला आणि आता त्या गाण्याच्या श्रेयात त्याचे नाव लागते. ब्रिजटॉवर १८६० मध्ये लंडनला वारला. त्याच्यासाठी रचलेला सोनाटा कार्यक्रमपत्रिकांवर अजूनही ‘क्रॉयट्सर’ याच नावाने छापला जातो.