‘चान्या’ आणि वाळवणाची व्याख्या : ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’च्या निमित्ताने

मराठी खाद्यलेखनात ‘वाळवण’ हा शब्द आला की पापड, कुरडया, सांडगे, शेवया डोळ्यांपुढे येतात. किनारपट्टीवरचे बोंबील व सुकट यांनाही काहीशा संकोचाने त्यात जागा मिळते. मराठवाड्यातील महार व मांग वस्त्यांत उन्हात वाळवल्या जाणाऱ्या मांसाच्या पट्ट्यांना, म्हणजेच चान्यांना, मात्र ती मिळालेली दिसत नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाने ती मिळवून दिली काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम कृती पाहू. मोठ्या जनावराचे मांस एकाच दिवशी हाती येई आणि ते टिकविण्याचे साधन ऊन एवढेच होते. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापावयाच्या, दोरीवर टाकावयाच्या, कावळ्या-कुत्र्यांपासून राखावयाच्या आणि पुरत्या कडक झाल्या की साठवावयाच्या. पुढे त्या निखाऱ्यावर भाजून, तेलात किंवा चरबीत तळून अथवा कालवणात टाकून खाल्ल्या जात. पट्टी जाड राहिली तर वरून कडक होते, आत ओल राहते आणि तेथूनच मांस बिघडते. म्हणून या पदार्थातील खरे कसब सुरीचे आहे, मसाल्याचे नव्हे. तळताना उरलासुरला ओलावा वाफ होऊन निघून जातो व चानी कुरकुरीत होते. कुरडई फुलते तीही आतल्या ओलाव्याची वाफ झाल्यामुळेच. (आज घरी हा प्रयोग करू पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की वाळविण्यापूर्वी मांस ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापवावे असे आधुनिक अन्नशास्त्र सांगते.)

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप घरोघरी रुजविले. त्या मापामागे भरलेले डबे गृहीत आहेत. चान्यांचे माप वेगळे : वाट्याला येईल तेवढे. हा वाटाही गावातील मेलेली जनावरे ओढण्याच्या सक्तीशी बांधलेला होता. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, ते याच कारणाने. ‘बलुतं’पासूनच्या (१९७८) दलित आत्मकथनांत असे अन्न येते ते प्रामुख्याने भुकेची व अवहेलनेची साक्ष म्हणून. पाटोळे त्याच अन्नाला ‘पदार्थ’ म्हणतात, त्याची कृती सांगतात. हा त्या आवाहनाचा विसर आहे काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. मृतमांस लादलेले होते. ते टिकविण्याचे ज्ञान लादलेले नव्हते, ते वस्तीने स्वतः घडविले होते. या दोहोंत भेद करणे हेच ग्रंथाचे मोठे कार्य होय.

तरीही ‘कृती’ हा वाङ्मयप्रकार धोक्याचा आहे. तो वाचकाला स्वयंपाकघरात बोलावतो आणि भूक मागे ठेवून चव तेवढी उचलण्याची मुभा देतो. पाटोळे कृतीला आठवणींपासून सुटू देत नाहीत, ही त्यांची सावधगिरी मोलाची आहे. भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ (२०२४) या नावाने आला. त्या नावात प्रदेश आहे, समाज आहे. ‘पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्यांशी मूळ शीर्षकाने मांडलेले भांडण मात्र नाही. अनुवादाने ग्रंथ दूरवर नेला हे खरेच, परंतु हे नुकसान लहान नव्हे.

मूळ ग्रंथ आला त्याच वर्षी, मार्च २०१५ मध्ये, राज्यात गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे मांस त्याबाहेर राहिले. परराज्यात कायदेशीर कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. कायद्याने एवढे मोकळे ठेवले असले तरी कृतीची एक अट उरतेच. चानीला उघडे ऊन लागते. कालवण दाराआड शिजविता येते; चान्यांची दोरी मात्र कित्येक दिवस अंगणात किंवा गच्चीवर टांगलेली असते, आणि वाळत घातलेले मांस कोणत्या जनावराचे आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसते पाहून सांगता येत नाही.