पांढरा रुमाल आणि वाढवलेला पिकअप

धर्माबादच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांच्या शिबिरासाठी आम्ही गेलो होतो. प्रदूषणाच्या पाठासाठी आम्हीच सुचवलेला एक बिनखर्चाचा प्रयोग तिथे झाला. गाडी जागेवर चालू ठेवायची, सायलेन्सरच्या तोंडाशी ओला पांढरा रुमाल मिनिटभर धरायचा आणि पडलेला डाग पाहायचा. मैदानात दोन डिझेल एसयूव्ही होत्या, दोन्ही बीएस-४ काळातल्या. एक कंपनीतून आली तशीच होती. दुसरी एका मिरची व्यापाऱ्यांची, रोजच्या वापरातली. माणसे आणि पोती भरून नांदेड-निजामाबाद फेऱ्या करताना ओव्हरटेकला दम कमी पडतो, म्हणून त्यांनी गॅरेजमध्ये 'ईजीआर बंद' करून 'रीमॅप' मारून घेतला होता.

फेरफार केलेल्या गाडीचा रुमाल जास्त काळा होईल, असे मुलांना वाटत होते. झाले उलटेच. व्यापारी खुशीत म्हणाले, "बघा सर, पिकअप वाढला, ॲव्हरेज वाढलं, पीयूसी पास आहे. आता तुमचा रुमालही साफ! मग कायद्याला काय दुखतंय?"

दोन गाड्यांवरून निष्कर्ष काढू नये, असे सांगून आम्हाला वेळ मारून नेता आली असती, आणि ते खोटेही ठरले नसते. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर रुमालाने जे दाखवले ते अपेक्षितच होते. चूक प्रयोगाच्या आखणीत, म्हणजे आमचीच होती.

ईजीआर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा काही भाग पुन्हा आत घेणारी व्यवस्था. हा वापरलेला वायू आत आला की सिलिंडरमधील ऑक्सिजनचे प्रमाण घटते आणि ज्वलनाचे कमाल तापमान खाली येते. हवेतील नायट्रोजन एरवी कशाशी सहजी संयोग पावत नाही. परंतु सुमारे १५०० अंश सेल्सियसच्या वर तो ऑक्सिजनशी झपाट्याने जुळू लागतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होते. ते होऊ नये म्हणून ही सारी खटपट. तिची किंमतही मोजावी लागते. ऑक्सिजन कमी म्हणजे काजळी जास्त. ती वाल्व्हमध्ये आणि हवेच्या मार्गात साचते, गाडी मरगळते, दुरुस्तीचा खर्च येतो. व्यापाऱ्यांची तक्रार खरी होती आणि गॅरेजवाल्याचे निदानही फारसे चुकलेले नव्हते.

त्याने मार्गावर पत्र्याची चकती बसवली. ऑक्सिजन वाढला, काजळी घटली, इंजिन मोकळे झाले, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे वाढली. नायट्रिक ऑक्साइड हा रंगहीन वायू आहे. रुमालावर त्याचा डाग पडत नाही.

रीमॅपची गोष्ट वेगळी. संगणकाला सांगायचे की, दर फेरीला डिझेल जास्त सोड आणि टर्बोकडून हवा जास्त घे. एक ग्रॅम डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा ग्रॅम हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिनाला त्याहून बरीच अधिक द्यावी लागते. ताकद येते ती जादा डिझेल जाळूनच. म्हणून पूर्ण ताकद वापरतानाही ॲव्हरेज वाढले, हा दावा आम्हाला पटत नाही. सावकाश चालवताना ईजीआर बंद असल्याने थोडा फरक पडू शकेल, इतकेच.

राहता राहिली पीयूसी. डिझेल गाडीची ही तपासणी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून होते. ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबतात आणि धुरातून प्रकाश किती आरपार जातो ते मोजतात. बीएस-४ गाडीला मर्यादा आहे दर मीटरला १.६२. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी e चा उणे १.६२ वा घात काढून पाहावा: मीटरभर जाडीच्या धुरातून प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा पार झाला तरी गाडी पास! नायट्रोजनची ऑक्साइडे तर या तपासणीत मोजतच नाहीत. थोडक्यात, आमचा रुमाल आणि पीयूसीचे यंत्र ही सख्खी भावंडे आहेत.

कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरले. पण पत्र्याची चकती नोंदणी पुस्तकात दिसत नाही. कडक मर्यादा नव्या गाडीसाठी प्रयोगशाळेत लावायची (लहान डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, ती बीएस-६ मध्ये ०.०८ झाली) आणि नंतर पंधरा वर्षे फक्त धूर पाहायचा, ही विसंगती आमच्या मते गॅरेजवाल्याच्या अपराधाहून मोठी आहे.

मोजायची साधने नाहीत असेही नाही. २०१५ साली पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या, तेव्हा उत्सर्जन मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरले आणि कंपनीने देशातील ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. नव्या मॉडेलांसाठी रस्त्यावरची चाचणी एप्रिल २०२३ पासून आपल्याकडेही लागू झाली. डिझेल गाड्यांतील काजळीची गाळणी काढून टाकण्याचे प्रकार धुराच्या चाचणीत सुटतात, हे ओळखून जर्मनीने जुलै २०२३ पासून नियमित तपासणीतच कण मोजायला सुरुवात केली.

आता आपल्या वर्गाकडे वळू. प्रदूषणाचे चित्र काढा म्हटले की मूल काळा ढग सोडणारा ट्रक काढते, आणि आपण त्याला पैकीच्या पैकी गुण देतो. श्वासनलिकेला त्रास देणारा आणि उन्हात ओझोन बनवायला मदत करणारा वायू त्या चित्रात नसतो. धर्माबादच्या उन्हाळ्यात उन्हाची काही कमतरता नाही.

रुमालाचा प्रयोग आम्ही रद्द केलेला नाही. कृतिपत्रिकेत डागाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला आहे: 'या रुमालाला काय कळू शकत नाही?' व्यापाऱ्यांच्या गाडीचे उदाहरण, त्यांच्या परवानगीने, खाली दिले आहे. त्यांना आम्ही टायरची हवा, एअर फिल्टर आणि टपावरचे कॅरिअर आधी पाहायला सांगितले. कॅरिअर काढायला ते तयार नव्हते. पोती मग कुठे ठेवायची?