लिहावें तरी काय?

अलीकडे ज्याला थोडेंबहुत लिहितां येतें त्याला लेखन प्रसिद्ध करण्यास स्वतःची जागा सहज मिळते. पूर्वी संपादकाच्या दारीं हेलपाटे घालावे लागत, छापखान्याचें बिल चुकवावें लागे, वर्गणीदार मिळवावे लागत. आतां संगणकाच्या साह्यानें स्वतःच्या नांवाचें संकेतस्थळ उघडावयास एक दुपार पुरते. परंतु जागा हातीं आली कीं लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो पहिल्याहून अवघड असतो. या जागेंत घालावयाचें काय? पुष्कळ सुशिक्षित मंडळी येथेंच अडतात. कोणी स्वतःचा परिचय लिहून थांबतो, कोणी एका प्रवासाचें वर्णन देऊन थांबतो, आणि मग विषय सुचविणाऱ्या याद्यांचा शोध सुरू होतो. हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटला, तरी आमच्या मतें तो वाङ्मयविचाराचा आहे, आणि त्याचें उत्तर शोधतांना उपयोगी पडेल असें एक ठळक उदाहरण मराठींतच आहे. त्या दृष्टीनें प्रस्तुत विवेचन करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ही अडचण स्वतःच्या संकेतस्थळाइतकीच जुनी आहे. १९९४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या व पुढें 'जिओसिटीज' या नांवानें प्रसिद्धि पावलेल्या सेवेनें सामान्य माणसांस अशी जागा फुकट दिली, आणि लक्षावधि लोकांनीं तेथें आपलीं पानें मांडलीं. त्यांपैकीं कितीतरी पानांवर 'काम चालू आहे' अशा अर्थाची, रस्तेदुरुस्तीच्या चित्राची पाटी असे. घर बांधावयास काढलें खरें, पण आंत कोण राहणार हें ठरलेलें नव्हतें. उलट, ज्या पानांचे कर्ते एखाद्या खेळाचे, एखाद्या गायकाचे किंवा एखाद्या छंदाचे खरोखर वेडे होते, त्यांचीं पानें भरून वाहत. २००९ सालीं ती सेवा बंद झाली तेव्हां कांहीं परक्या माणसांनीं धांवपळ करून त्या पानांच्या प्रती राखून ठेवल्या. लेखन ओबडधोबड असलें तरी त्यांत राखण्याजोगें कांहीं असूं शकतें, हें त्यांना उमगलें होतें.

आतां मराठी उदाहरणाकडे वळूं. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं जानेवारी १८७४ मध्यें 'निबंधमाला' सुरू केली तेव्हां त्यांस चोविसावें वर्ष चालू होतें, आणि ते सरकारी शाळेंत शिक्षकाचें काम करीत होते. निबंधमाला हें मासिक खरें, परंतु त्यास आजच्यासारखें लेखकमंडळ नव्हतें. सात वर्षांचे ८४ अंक जवळजवळ सर्वस्वीं एकाच लेखणींतून उतरले. म्हणजे ती एका माणसाची स्वतःची जागा होती, आणि दरमहा ती भरण्याचें ओझें त्यानें आपण होऊन शिरावर घेतलें होतें. 'लिहावें काय' हा प्रश्न त्याच्यापुढें ८४ वेळां उभा राहिला असला पाहिजे.

त्यानें तो कसा सोडविला हें निबंधांच्या मथळ्यांवरूनच दिसतें. पहिला निबंध 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिति' हा. त्याच्या मागें इंग्रजी शिकलेल्या मंडळीकडून स्वभाषेची चाललेली उपेक्षा पाहून आलेला संताप आहे. 'लेखनशुद्धि' हा शिक्षकाच्या रोजच्या धंद्यांतून आलेला विषय आहे. 'लोकभ्रम', 'गर्व', 'संपत्तीचा उपभोग' हे भोंवतालच्या समाजाच्या निरीक्षणांतून आले आहेत. 'डॉक्टर जॉन्सन' या विस्तृत निबंधाच्या मागें ऋणाची भावना आहे. कृष्णशास्त्र्यांनीं हातीं घेतलेलें जॉन्सनच्या 'रासेलस'चें भाषांतर या मुलानेंच पुरें केलें होतें. 'इतिहास' या निबंधामागील आस्था तर केवळ निबंधांत राहिली नाहीं; १८७८ सालीं काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनीं 'काव्येतिहाससंग्रह' काढला, आणि जुन्या बखरी व काव्यें छापून निघूं लागलीं.

या मथळ्यांत 'मी' कोठें आहे? शास्त्रीबोवांचें बालपण, त्यांची दिनचर्या, त्यांच्या आवडीनिवडी यांवर स्वतंत्र निबंध नाहीं. असें असूनहि निबंधमालेचें कोणतेंहि पान उघडावें आणि लेखक ओळखूं यावा, इतकी ती माला वैयक्तिक आहे. लेखनाला व्यक्तीचा ठसा मिळण्यास व्यक्तीनें स्वतःबद्दल लिहिलेंच पाहिजे असें नाहीं. तिला एखाद्या गोष्टीची चाड असली, एखाद्याचें देणें वाटत असलें, किंवा एखादें काम तिच्या हातीं रोज असलें, म्हणजे पुरे होतें. विषय या तीन ठिकाणांहून येतात. ज्याला विषय सांपडत नाहींत त्यानें कल्पनाशक्तीस दोष न देतां या तीन ठिकाणीं शोध करावा.

खुद्द जॉन्सनचाच दाखला घ्या. 'रॅम्बलर' हें त्याचें पत्र मार्च १७५० पासून मार्च १७५२ पर्यंत आठवड्यांतून दोनदां निघे. एकंदर अंक २०८, आणि चार-पांच अंक वगळतां सर्व त्याचेच. याच काळांत तो आपल्या इंग्रजी कोशाचें प्रचंड काम करीत होता. तो कोश १७५५ सालीं बाहेर पडला. ज्याला दुसरें जड काम होतें त्यालाच लिहावयास विषयांचा तोटा पडला नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. रॅम्बलरचे सर्व अंक सारखे सरस आहेत असें कोणीहि म्हणणार नाहीं. कित्येक बोजड आहेत. परंतु दर मंगळवारीं व शनिवारीं कांहींतरी द्यावयाचें हा नेम मोडला असता तर जे उत्तम अंक आहेत तेहि लिहून झाले नसते.

यावर असा आक्षेप येईल कीं, मोंतेन या फ्रेंच निबंधकारानें तर स्वतःलाच विषय केलें, आणि निबंध या प्रकाराचा जनक म्हणून जग त्यालाच ओळखतें. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. मोंतेन १५७१ सालीं नोकरी सोडून आपल्या मनोऱ्यांतील ग्रंथालयांत जाऊन बसला. त्याचे आरंभीचे निबंध पाहावे तर ते बहुतांशीं वाचनाचीं टिपणें आहेत. प्राचीन ग्रंथकारांचे दाखले एका सूत्रांत ओंवून त्यांवर थोडेसें भाष्य. १५८० सालीं पहिले दोन भाग निघाले, १५८८ सालीं तिसरा. आणि पुढें १५९२ सालीं मृत्यु येईपर्यंत तो छापील प्रतीच्या समासांत भर घालीतच राहिला. 'स्व' हा विषय त्याला दुसऱ्यांचे ग्रंथ कित्येक वर्षें वाचल्यानंतर, त्या ग्रंथांशीं वाद घालतां घालतां सांपडला. तो त्याला पहिल्याच दिवशीं आयता मिळाला नव्हता.

आमच्याकडील लघुनिबंधाचा इतिहास हीच गोष्ट उलट बाजूनें सिद्ध करतो. ना. सी. फडके यांच्या 'गुजगोष्टी' १९३३ सालीं, अनंत काणेकरांचीं 'पिकलीं पानें' १९३४ सालीं आणि वि. स. खांडेकरांच्या 'वायुलहरी' १९३६ सालीं ग्रंथरूपानें आल्या. या मंडळींनीं मराठी गद्यास एक मोकळा, घरगुती सूर दिला, हें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. व्याख्यानपीठावरून खालीं उतरून निबंध वाचकाच्या शेजारीं येऊन बसला. परंतु पाहतां पाहतां त्याचा एक सांचा बनला. क्षुल्लक वस्तु घ्यावी, तीविषयीं लटकी विक्षिप्त आवड दाखवावी, मध्यें एक आठवण घालावी, आणि शेवटीं जीवनासंबंधीं एक गोड विचार काढून वाचकाचा निरोप घ्यावा. मागून आलेल्या अनुकारकांच्या हातीं तर आवडहि उसनी आणि विचारहि उसना झाला. 'मी' होता, पण त्या 'मी'ला सांगण्यासारखें कांहीं नव्हतें. आज स्वतःच्या जागेंत जें लेखन चालतें त्यांतील पुष्कळसें या सांच्याचेंच वंशज आहे.

निबंधमालेची स्तुति करतांना तिचा मोठा दोष झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं, कारण तो दोष स्वतःच्या जागेशींच निगडित आहे. जोतीराव फुले यांच्या लेखनावर शास्त्रीबोवांनीं जो हल्ला चढविला त्यांत फुल्यांच्या व्याकरणाची व भाषेची थट्टा पुष्कळ आहे. फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ सालीं, म्हणजे मालेच्या आदल्याच वर्षीं निघाली होती. शूद्रातिशूद्रांस विद्येपासून दूर कोणीं ठेवलें, असा तीव्र सवाल फुले करीत होते. आणि मालाकारांचें उत्तर असें कीं तुमचें व्याकरण अशुद्ध आहे. हें उत्तरच त्या सवालाची सत्यता पटवितें, हें त्या बुद्धिमान लेखकाच्या ध्यानांत आलें नाहीं. स्वतःच्या जागेंत लेखकास थांबविणारा कोणी नसतो. टाळ्या देणारे वाचक असतात, आणि टाळ्या मिळाल्या कीं उपहास हाच मजकूर होऊन बसतो. जागा भरण्याचा याहून सोपा उपाय नाहीं. परंतु आज तीं पानें फुल्यांच्या दोषांसाठीं कोणी वाचीत नाहीं. लेखकाची दृष्टि कोठें थांबली हें पाहण्यासाठीं वाचतात.

याउलट दुर्गाबाई भागवत यांचें 'ऋतुचक्र' पाहा. १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या लहानशा ग्रंथाचा विषय काय, तर वर्षाचे बारा महिने. हा विषय कोणाजवळ नाहीं? प्रत्येकाच्या खिडकीबाहेर झाड असतें, आणि चैत्र सर्वांच्याच दारीं येतो. पण कोणत्या महिन्यांत कोणत्या झाडाचीं पानें गळतात, पालवीचा रंग कसकसा बदलतो, हें वर्षानुवर्षें पाहण्याची चिकाटी थोड्यांजवळ असते. त्या ग्रंथांत लेखिका कोठेंहि स्वतःस पुढें करीत नाहीं, आणि तरीहि तो दुसऱ्या कोणास लिहितां आला नसता.

तेव्हां आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं अशी जागा घेतली आहे, किंवा घेण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांस आम्ही एवढेंच सुचवूं कीं, लोकांस काय आवडेल याचा अंदाज करीत बसूं नये. आपल्यावांचून कोण लिहिणार नाहीं, असें काय आपल्याजवळ आहे तें पाहावें. घरांतील पेटींत पडलेलीं मोडी पत्रें असतील, तीं वाचवून घ्यावीं आणि त्यांचा अर्थ द्यावा. आजीच्या बोलण्यांतले जे शब्द नातवंडांच्या तोंडीं उरले नाहींत ते अर्थासह टिपावे. ज्यानें तीस वर्षें एका धंद्यांत काढलीं त्यानें त्या धंद्यांतील हत्यारें, हिशेब व खुब्या लिहाव्या. ज्याला एखाद्या कवीनें घडविलें त्यानें तें ऋण विस्तारानें मान्य करावें. यांतील कशालाहि प्रतिभा लागत नाहीं; खरी माहिती व नेम लागतो. आणि हो, लिहिलेल्याची एक प्रत कागदावरहि ठेवावी. निबंधमालेचे अंक ग्रंथरूपानें बांधले गेले म्हणून आज आपण त्यांच्याशीं भांडूंहि शकतों. परक्याच्या यंत्रावर ठेवलेलें लेखन यंत्राचा धनी कधीं काढून टाकील याचा नेम नाहीं.