नकाराचा खर्च कोणी द्यावा?

नकार ही दलित साहित्याची मूळ प्रेरणा आहे, हे आपण अनेकदा लिहिले आहे. वेदनेतून नकार येतो आणि नकारातून विद्रोह, अशी मांडणी आता आपल्या समीक्षेच्या अंगवळणी पडली आहे. परंतु नकाराला खर्च येतो याची चर्चा आपण क्वचितच करतो. वकील, टंकलेखक, दुभाषा, नकाशे, प्रवासाचे भाडे आणि बुडालेली मजुरी एवढे सारे एका ‘नाही’च्या पाठीशी उभे करावे लागते. ते नसेल तर समाजाचा नकार हवेत विरतो आणि सरकारी कागदावर ‘कोणाचीही हरकत आली नाही’ एवढेच उरते. हा खर्च कोणी द्यावा आणि कोणत्या अटीवर द्यावा, हा प्रश्न मला कॅनडाच्या उत्तरेकडील आदिवासींविषयीच्या एका अहवालाने घातला. तो सरकारी असला तरी मी त्याची समीक्षा साहित्यकृतीसारखीच करणार आहे. कारण हजारभर माणसांचे बोलणे ज्या पुस्तकात आले, ते पुस्तक साहित्याच्या न्यायासनासमोरही उभे राहिले पाहिजे.

अहवालाचे नाव ‘नॉर्दर्न फ्रंटियर, नॉर्दर्न होमलँड’. तो मे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची पार्श्वभूमी अशी. मॅकेन्झी नदी कॅनडाच्या वायव्य प्रदेशातून वाहत आर्क्टिक समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात डेने आणि मेती लोक राहतात, तर मुखाजवळ इनुव्हिआलुइट राहतात. १९६८ साली अलास्काच्या प्रुडो बे येथे तेलवायूचा प्रचंड साठा सापडला आणि तो वायू दक्षिणेच्या शहरांकडे नेण्यासाठी बड्या कंपन्यांच्या संघाने या खोऱ्यातून नळ टाकण्याची परवानगी मागितली. मार्च १९७४ मध्ये सरकारने न्यायमूर्ती टॉमस बर्जर यांची चौकशीसाठी नेमणूक केली.

अशा चौकशा आपल्यालाही परिचित आहेत. बर्जर यांनी मात्र आरंभीच एक साधी गोष्ट ओळखली. नळाच्या बाजूने कंपन्यांनी संशोधनावर सुमारे ५ कोटी डॉलर खर्च केले होते. समोरच्या बाजूला शिकार, मासेमारी आणि सापळे लावून जगणारी माणसे होती. दोघांनाही बोलण्याची सारखीच मुभा आहे, असे म्हणणे ही थट्टाच झाली असती. म्हणून त्यांनी सरकारकडून सुमारे १७ लाख ७० हजार डॉलर मिळविले आणि ते आदिवासी संघटना, पर्यावरणवादी मंडळी व उत्तरेकडील इतर गटांना दिले. ज्यांचे हितसंबंध स्पष्ट आहेत पण हाती साधन नाही अशांना हा पैसा होता, आणि त्याचा हिशेब द्यावा लागे. काय बोलावे याची अट मात्र नव्हती. पैसा घेऊन विरोध करता येत होता, आणि तो झाला.

मग बर्जर पस्तीस वस्त्यांत गेले. कधी सभागृहात, तर कधी मासेमारीच्या तळावर लोक आपापल्या भाषेत बोलले. दिवसभराच्या साक्षी रेडिओवरून त्यांच्याच भाषांत ऐकविल्या जात. त्यामुळे एका वस्तीने काय म्हटले ते दुसरी वस्ती ऐके. फोर्ट गुड होपचे तरुण नायक फ्रँक त्सेलेई यांनी १९७५ साली एका नळकंपनीच्या अध्यक्षाला समोर बसवून सुनावले. फीबी नहान्नी या डेने स्त्रीच्या पुढाकाराने तरुणांनी वृद्ध शिकाऱ्यांजवळ बसून त्यांच्या वाटा नकाशावर उतरविल्या. ज्या जमिनीला सरकार रिकामी म्हणत होते ती पावलांच्या रेषांनी भरून गेली. अज्ञानी ठरविलेल्या समाजाने आपले ज्ञान स्वत: लिहून काढले, हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठे वाङ्मयीन कार्य वाटते.

आता अहवालाकडे वळू. त्याचे शीर्षकच त्याचा युक्तिवाद आहे. दक्षिणेकडच्या गोऱ्या माणसाला जी सरहद्द वाटते, ती उत्तरेच्या माणसाची मायभूमी आहे. सरहद्द पुढे सरकवायची असते. मायभूमीत राहायचे असते. अहवालाचे गद्य स्वच्छ आणि न्यायाधीशी थाटापासून मुक्त आहे. जंगलातून घरी येणारे मांस आणि मासे सरकारी उत्पन्नाच्या आकड्यांत दिसत नाहीत, म्हणून ही माणसे दरिद्री ठरतात, हा मुद्दा तो ठामपणे मांडतो. शिफारसही निर्भीड आहे: युकॉनच्या उत्तर किनाऱ्यावरून नळ कधीच नको, आणि मॅकेन्झी खोऱ्यात जमिनीचे दावे मिटेपर्यंत दहा वर्षे नको.

परंतु याच ठिकाणी माझा आक्षेप आहे. जुलै १९७५ मध्ये फोर्ट सिम्पसन येथे जमलेल्या डेने लोकांनी आपला जाहीरनामा काढला आणि आपण एक राष्ट्र आहोत असे जगाला सांगितले. ते त्यांचे स्वत:चे लेखन होते. अहवाल त्याची सहानुभूतीने दखल घेतो; पण शिफारशीत उतरताना ‘आम्ही राष्ट्र आहोत’ या वाक्याचे रूप ‘दहा वर्षे थांबा’ असे होते. माणसांनी अस्तित्व मागितले आणि पदरात मुदत पडली. अहवालातही ही माणसे साक्षीदार म्हणून येतात, लेखक म्हणून नव्हे. त्यांची वाक्ये कोठे तोडायची आणि कोणत्या प्रकरणात बसवायची, हे दुसऱ्याचा हात ठरवितो. हात प्रामाणिक आहे, याबद्दल मला शंका नाही. पण प्रामाणिक हातही दुसऱ्याचाच असतो. निधीचेही तसेच झाले. तो एका न्यायाधीशाच्या विवेकातून आला. विवेक निवृत्त होतो. हक्क होत नाही.

मुदत सरायच्या आतच, १९८५ साली, नॉर्मन वेल्सहून दक्षिणेकडे तेलाचा नळ सुरू झाला. इनुव्हिआलुइट लोकांचा जमीनकरार १९८४ साली झाला, ग्विचिन लोकांचा १९९२ साली आणि साहतूंचा १९९३ साली. पुढे वायूच्या नळाची योजना पुन्हा आली. या वेळी २००० साली आदिवासींच्याच एका गटाने नळात एक तृतीयांश मालकी मागितली. डेहचो डेने मात्र त्यात गेले नाहीत. याला कोणी फितुरी म्हणेल, मी म्हणणार नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्यालाच ‘होय’ म्हणण्याचा अधिकार असतो. पहिल्या पिढीच्या नकारामुळेच दुसरी पिढी सौदा करण्याइतकी उभी राहिली.

पैशाचे स्वरूप मात्र बदलले होते. २००६ साली केंद्र सरकारने वस्त्यांच्या सामाजिक गरजांसाठी ५० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला आणि त्याचा दोर नळाच्या प्रगतीला बांधला. नळ पुढे सरकेल तसा पैसा मिळणार. पूर्वीचा पैसा बोलण्यासाठी होता, हा होकारासाठी होता. वतनात राबलेल्या बापजाद्यांच्या वारसांना यातला फरक समजावून सांगायला नको. जो मोबदला घेतल्यावर माणूस बांधला जातो तो मोबदला नसतो, दावे असते. २००९ साली संयुक्त परीक्षण मंडळाने ‘शाश्वत’ भवितव्याचे नाव देऊन अहवाल काढला आणि १७६ शिफारशी केल्या. सरकारने त्यांपैकी अनेक फेटाळून २०११ मध्ये परवानगी दिली. अखेर २०१७ साली कंपन्यांनीच योजना सोडली. बाजार नको म्हणाला आणि त्याचे लगेच ऐकले गेले.

हेच बर्जर पुढे आपल्या सातपुड्यातही आले. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. विरोध वाढल्यावर १९९१ साली बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली; बर्जर तिचे उपाध्यक्ष होते. महाराष्ट्रातील तेहतीस आदिवासी गावे बुडणार होती, आणि अक्कलकुव्याचे मणिबेली त्यांत अगदी पुढे होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर सरकारी कागद नाही म्हणून माणसे ‘अतिक्रमक’ ठरत होती. समितीने जून १९९२ मध्ये पुनर्वसनाचे वाभाडे काढले आणि मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज रद्द झाले. पण धरण थांबले नाही. माणूस तोच, न्यायबुद्धी तीच. फरक क्रमाचा होता. मॅकेन्झीवर आधी ऐकले गेले आणि निर्णय नंतर झाला. नर्मदेवर आधी पैसा ओतला गेला आणि भिल्ल-पावरांचे म्हणणे सहा वर्षांनी विचारले गेले.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. सरकारचा पैसा घेऊन सरकारविरुद्ध बोलता येते काय? त्याने विद्रोह बोथट होणार नाही काय? भीती रास्त आहे. पण पैसा मुळात कोणाचा, हे आधी विचारावे. कंपनीच्या संशोधनाचा खर्च अखेर ग्राहकांच्या बिलातूनच वसूल व्हायचा असतो आणि सरकारी तिजोरी भरते ती जमिनीतून व श्रमातून. ज्याची जमीन पणाला लागली आहे त्याला बोलण्याचा खर्च देणे म्हणजे दान नव्हे. विद्रोह पैशाने बोथट होत नाही, अटीने होतो.

अट नसलेला पैसा काय करतो याचेही उदाहरण उत्तरेतच आहे. ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी लुत्सेल के ही डेने वस्ती आहे. १९७० च्या सुमारास तेथे राष्ट्रीय उद्यानाचा प्रस्ताव आला तेव्हा नायक पिएर कॅथोलिक यांनी सहीस नकार दिला. हा नकार दीर्घकाळ टिकला. २०१९ साली त्याच लोकांनी थाइडेने नेने, म्हणजे ‘पूर्वजांची भूमी’, हे संरक्षित क्षेत्र स्वत:च्या कायद्याखालीही घोषित केले. सुमारे २६ हजार चौरस किलोमीटरच्या त्या भूमीचा कारभार ते सरकारच्या बरोबरीने पाहतात आणि त्यासाठी ३ कोटी डॉलरचा न्यास उभा आहे. सही तीच होती, पण कागद त्यांनी लिहिलेला होता.

म्हणून ‘लोकसहभाग’ आणि ‘शाश्वत विकास’ हे शब्द छापलेला कागद पुढे आला की आपण तीन गोष्टी विचाराव्यात. पैसा निर्णयाच्या आधी आला की नंतर? तो घेऊन ‘नाही’ म्हणता येते काय? आणि आपले म्हणणे लिहून काढणारा हात कोणाचा आहे? बर्जर यांचा अहवाल पहिल्या दोन प्रश्नांना बऱ्यापैकी उतरतो, तिसऱ्याला उतरत नाही. तरीही तो वाचला पाहिजे. त्यात एका राज्यसंस्थेने काही काळ का होईना स्वत:विरुद्धच्या साक्षीचा खर्च उचलला होता. आपल्याकडच्या जनसुनावण्यांत हरकतदाराला तालुक्याच्या गावी जाण्याचे एसटीचे भाडेही पदरचे घालावे लागते. तेव्हा त्या सुनावण्यांना आपण काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.