कोपऱ्यातले बटण

चुकीची नोंद खोडायची नसते, तिच्यासमोर उलटी नोंद करायची असते, हे बँकेत चिकटल्यावर पहिल्या आठवड्यातच शिकवतात. लग्नाला हा नियम लागू नाही, हे पुढे आपले आपल्याला कळते. संगणकाला मात्र तो लागू आहे; फक्त मुदत दहा दिवसांची.

२०२३ च्या दिवाळीत भाचा फराळाला आला. "मामा, विंडोज ११ टाकून देऊ का? फुकट आहे." फुकट म्हटल्यावर आमच्यासारखा माणूस नको कशाला म्हणेल? 'हो'चे बटण मीच दाबले. दुपारी डोळा लागला आणि उठून बघतो तो विंडोज १० गेलेली!

टीका करण्याआधी दोन बरे शब्द बोलावेत अशी रीत आहे. खिडक्यांचे कोपरे छान गोल झाले होते. पडद्यावर निळ्या पाकळ्यांचे भलेमोठे फूल होते. झाले दोन शब्द.

आता उजवी कळ दाबल्यावर येणारी यादी बघा. ती आटोपशीर केलेली. पण तळाशी एक ओळ, 'आणखी पर्याय दाखवा'. ती दाबली की अख्खी जुनी यादी बाहेर येते! नव्या खिडकीवरच्या साहेबाने "जुन्या खिडकीवर चौकशी करा" म्हणावे, त्यातलाच प्रकार.

पण माझे खरे भांडण आहे ते स्टार्टच्या बटणाशी. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर हे बटण आले आणि खाली डाव्या कोपऱ्यात बसले. २०१२ साली विंडोज ८ मध्ये कुणा विद्वानाने ते काढूनच टाकले. लोकांनी इतकी ओरड केली की २०१३ साली ते परत आणावे लागले. आणि २०२१ साली विंडोज ११ ने त्याला उचलून मधोमध नेऊन बसवले.

यात काय बिघडले, असे कुणी म्हणेल. मीही म्हटले असते. पण संध्याकाळी आई संगणकासमोर बसली.

आईच्या डोळ्यांना आता बारीक काही दिसत नाही. रोज दिवेलागणीनंतर ती बाबांनी भरून ठेवलेली नाट्यगीते लावते. बाबांनीच तिला शिकवले होते, "बघायचं नाहीच. माऊस खाली डावीकडे ढकलत राहा. भिंत लागली की बाण आपोआप थांबतो. तिथं दाब." यातले मर्म मला तेव्हा कळले नव्हते. कोपरा चुकवता येत नाही. कितीही ढकला, बाण त्याच्या पलीकडे जात नाही. मध्यभागाला अशी भिंत नाही. तिथे नेम धरावा लागतो आणि नेम धरायला डोळे लागतात.

त्या संध्याकाळी आईने माऊस ढकलला, दाबला. गाणे लागलेच नाही. "अरे, यांचं बटण कुठं गेलं?" तिने विचारले. आमच्याकडे 'हे' जाऊन सहा वर्षे झाली होती.

नवव्या दिवशी मी उलटी नोंद करायला बसलो. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, मग 'गो बॅक'. जुनी विंडोज दहा दिवस एका फोल्डरात जपून ठेवलेली असते, मग आपोआप पुसली जाते. परत का जाताय, असेही पडदा विचारतो आणि कारणांची यादी पुढे करतो. त्यात आईचे कारण नव्हते. मी त्यातल्या त्यात जवळचे निवडले. तासाभरात बटण कोपऱ्यात हजर!

भाच्याला विजयाची वार्ता फोनवर कळवली. तो म्हणाला, "मामा, टास्कबारच्या सेटिंगमधून बटण डावीकडे घेता येतं. अर्ध्या मिनिटाचं काम." टीकाकाराने आधी पुस्तक पुरते वाचावे म्हणतात, ते यासाठीच.

पण माझे म्हणणे मी मागे घेत नाही. लाइट गेल्यावर अंधारात ज्या फळीकडे आपोआप हात जातो, तिथला मिठाचा डबा हलवणाऱ्याने आधी विचारावे. मग सांगू नये, की हवा तर परत ठेवून घ्या.

तरी शेवटी पुढे जावेच लागले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सांभाळ संपला. काउंटरवर दिवसभर खातेदारांना सावध राहा म्हणणाऱ्याने घरी फुटके कुलूप लावून कसे चालेल? पुन्हा ११ टाकली. या वेळी आधी बटण डावीकडे घेतले, गाण्यांचे चित्र यादीत पहिले लावले आणि मगच आईला हाक मारली.

तिने माऊस ढकलला. भिंत लागली. दाबले. नांदी सुरू झाली.

"बरं झालं बाबा, जुनंच ठेवलंस," आई म्हणाली.

मी ही नोंद दुरुस्त केली नाही.