कुलवृत्तान्त आणि शाळेचे रजिस्टर

‘आमचा वंशवृक्ष’ हा प्रकल्प अनेक शाळांत दिला जातो. साकीनाक्यासारख्या वस्तीतील वर्गात तो दिला तर काय होते, याचा विचार करण्यासारखा आहे. अंधेरी-कुर्ला रस्त्यालगतच्या कारखान्यांत आणि गाळ्यांत कामाला आलेल्या कुटुंबांची मुले या शाळांत शिकतात. कोणी कोकणातले, कोणी मराठवाड्यातले, कोणी उत्तर प्रदेशातले. बहुतेकांची माहिती आजोबांच्या नावापाशी संपते. एखाद्याच्या घरी मात्र जाडजूड छापील ‘कुलवृत्तान्त’ असतो आणि त्यातून तो बारा पिढ्या उतरवून आणतो. तक्ते भिंतीवर लागतात. ज्याच्या झाडाला बारा फांद्या त्याचे घराणे जुने आणि ज्याच्या झाडाला दोनच त्याचे नवे, असा समज कोणी न शिकवताही वर्गात रुजतो.

विज्ञानाच्या दृष्टीने हा समज साफ चुकीचा आहे. आज जिवंत असलेल्या प्रत्येक माणसाचे घराणे सारखेच जुने आहे, कारण कोणाचीच साखळी मध्ये तुटलेली नाही. जुन्या-नव्या असतात त्या नोंदी. म्हणून वंशावळ हाती आली की पहिला प्रश्न ‘किती पिढ्या?’ हा नव्हे, तर ‘ही नोंद कोणी, कशासाठी आणि कशावरून केली?’ हा विचारला पाहिजे. या कसोटीवर मराठीतील कुलवृत्तान्त वाङ्मय तपासून पाहू.

कुलवृत्तान्तांचे श्रेय

विसाव्या शतकात गोखले, पेंडसे, आपटे, बापट अशा अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त प्रसिद्ध झाले. यांत चित्पावन घराण्यांचा वाटा मोठा आहे. ग्रंथाची मांडणी साधारणपणे ठरलेली असते: मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, मग एकेका शाखेची वंशावळ, आणि शेवटी प्रत्येक पुरुषाची चार-सहा ओळींची माहिती. ही माहिती जमवण्यासाठी संपादकांनी गावोगावी पत्रे पाठवली, इनामांचे कागद पाहिले, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या चाळल्या. कोणतीही संस्था पाठीशी नसताना केलेले हे काम कौतुकास्पद आहे. चांगल्या संपादकांनी आणखी एक पथ्य पाळले. दोन शाखांचा मूळ पुरुष एकच असावा असे वाटत असूनही कागद मिळाला नाही, तर त्यांनी त्या शाखा ओढून-ताणून जोडल्या नाहीत, वेगळ्याच छापल्या. पुरावा नसेल तेथे जागा मोकळी सोडणे हे शास्त्रीय वृत्तीचे लक्षण आहे.

या ग्रंथांतील तपशिलाचे मोल घराण्याबाहेरच्या अभ्यासकांनाही कळले. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन संशोधक महिलेने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात चित्पावनांच्या कुलवृत्तान्तांकडे महाराष्ट्रातील समाजरचना आणि सामाजिक बदल समजून घेण्याचे साधन म्हणून पाहिले. कोण गाव सोडून कोठे गेले, कोणी कोणता व्यवसाय धरला, किती मुले जगली, या प्रश्नांना येथे उत्तरे मिळतात.

तीन उणिवा

पहिली उणीव गणिताची आहे. आपल्याला दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. असे दुप्पट करत गेल्यास दहाव्या पिढीत १०२४ पूर्वज होतात आणि दहाही पिढ्यांची बेरीज २०४६ होते. कुलवृत्तान्तातील सरळ ओळ यांपैकी दहा पुरुषांची आणि नोंद असलीच तर त्यांच्या दहा पत्नींची नावे देते. म्हणजे दोन हजारांहून अधिक पूर्वजांपैकी वीस. शंभरात एकही नाही! ज्याला आपण वृक्ष म्हणतो ती प्रत्यक्षात एका वृक्षाची एकच काडी आहे.

हेच गणित तिसाव्या पिढीपर्यंत नेले तर संख्या १०७ कोटींच्या वर जाते. पिढीला २५ वर्षे धरली तर हा काळ साडेसातशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा साऱ्या जगाची लोकसंख्याही एवढी नव्हती. याचा उलगडा एकच: तीच माणसे आपल्या वंशवृक्षात अनेक जागी येतात. मामाच्या मुलीशी लग्न झाले की त्या जोडप्याच्या मुलांना आठऐवजी सहाच पणजी-पणजोबा उरतात. मागे जावे तशी सर्वांची झाडे एकमेकांत गुंतत जातात आणि ‘आमचे घराणे’ व ‘तुमचे घराणे’ हा भेद पुसट होतो.

दुसरी उणीव स्त्रियांची आहे. कुलवृत्तान्तात स्त्रिया नसतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. पत्नीचे माहेर दिलेले असते, मुलीचे सासरही दिलेले असते. पण मुलीच्या नावापाशी रेघ थांबते. तिची मुले दुसऱ्या घराण्याच्या ग्रंथात जातात आणि त्या घराण्याचा ग्रंथ नसेल तर कोठेच जात नाहीत. आईकडून मुलाला पित्याइतकाच वारसा मिळतो. तंतुकणिकांतील डीएनए तर केवळ आईकडूनच येतो. तेव्हा ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, आडनावाच्या रीतीने आखलेली आहे.

तिसरी उणीव ‘रक्त’ या शब्दाची आहे. वंशावळीत दत्तक पुत्र औरस पुत्राच्याच जागी बसतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावचे गोपाळराव १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याचे सयाजीराव झाले. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. राजघराण्याची वंशावळ अखंड राहिली. मात्र बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा माग काढू लागलो, तर तो अशा जागी वेगळ्या वाटेने जाईल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वंशावळ ही वारशाची, हक्काची आणि जबाबदारीची नोंद असते. तिला जीवशास्त्राचा दाखला समजू नये. शिवाय गुणसूत्रांची वाटणी दर पिढीत पत्ते पिसल्यासारखी होते. त्यामुळे दहाव्या पिढीतील १०२४ पूर्वजांपैकी जवळजवळ निम्म्यांचा डीएनए आपल्यापर्यंत पोचलेलाच नसतो. कागदावरचा पूर्वज खरा असूनही शरीरात त्याचा अंशही नाही, असे सर्रास घडते.

मग डीएनए चाचणीने सगळे प्रश्न सुटतात काय? तसेही नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाकडे आपण समुद्रमार्गे आलो अशी तोंडी परंपरा होती, पेणकर, किहीमकर अशी गावांवरून आलेली आडनावे होती, पण प्राचीन वंशावळी नव्हत्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा ठळक वाटा दिसला, आणि हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाल्याचा अंदाज निघाला. परंपरेला आधार मिळाला आणि तिने न सांगितलेली बाजूही पुढे आली. पण हा निष्कर्ष समाजाविषयीचा आहे. पणजीचे नाव काय होते, हे कोणतीही चाचणी सांगत नाही. त्यासाठी नोंदच हवी.

नोंदी कोणाच्या?

ज्यांचा कुलवृत्तान्त छापला गेला नाही, त्यांच्या नोंदी कोठे असतात? त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या असतात. यात्रेला जाणे ज्यांना शक्य होते त्यांची नावे तेथे सापडतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी काही वर्षांच्या अंतराने गावात येतात, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात आणि धान्य घेऊन जातात. साकीनाक्याला लागूनच असलेल्या मरोळच्या ईस्ट इंडियन कुटुंबांचा आधार आणखी वेगळा. सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंदवही ठेवणे कॅथलिक धर्मगुरूंवर बंधनकारक केले. येथून जवळच कोंडिविटे येथे १५७९ साली बांधलेले चर्च १८४०च्या सुमारास साथीमुळे ओस पडले आणि वस्ती मरोळला सरकली. त्या चर्चचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. चर्चच्या नोंदवहीचे वैशिष्ट्य असे, की त्यात गरीब-श्रीमंत दोघांचीही नावे येतात आणि ती घटना घडली तेव्हाच लिहिली जातात. शंभर वर्षांनी आठवून लिहिलेल्या वंशावळीपेक्षा अशा नोंदीवर अधिक विसंबता येते.

पण यांहून कितीतरी अधिक लोकांचा पूर्वजशोध ज्या कागदावर अवलंबून आहे, तो आपल्या शाळेच्या कपाटात आहे. तो म्हणजे जनरल रजिस्टर.

गुरुजी: लाखोंचे वंशलेखक

महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी अर्जदाराला आपली वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. तिच्या पुष्टीसाठी वडील, आजोबा, चुलते यांचे जुने कागद जोडावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा पाहिला जातो. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर टाकली आहे. गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाची जन्म-मृत्यूची वही, आणि शाळेचे रजिस्टर हे यातले मुख्य आधार. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हाही शाळांची जुनी रजिस्टरे, महसुली दप्तरे आणि मोडीतील कागद चाळले गेले.

येथे विसंगती अशी, की ज्यांना नोंदींची सर्वाधिक गरज, त्यांच्याकडेच त्या सर्वांत कमी. इतरांच्या वंशावळी पिढ्यान्पिढ्या सांभाळणारे हेळवे राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. दुसऱ्यांचे पूर्वज मुखोद्गत असलेल्या या माणसांच्या नातवाला स्वतःच्या आजोबांसाठी मात्र १९६१ पूर्वीचा कागद शोधावा लागतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर रजिस्टरही मुके! साकीनाक्याच्या वर्गातील ज्या मुलाचे झाड दोन पिढ्यांवर थांबते, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न अभिमानाचा नाही. शिष्यवृत्तीचा आणि प्रवेशाचा आहे.

मग रजिस्टरही त्याच कसोटीवर तपासले पाहिजे. आपल्या शाळेच्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या रजिस्टरातील शंभर जन्मतारखा महिन्यांनुसार मोजून पाहा. जून महिन्याचा, त्यातही १ तारखेचा, स्तंभ इतरांपेक्षा उंच जाईल. त्या दिवशी मुले जास्त जन्मत होती असे नव्हे. जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलाचे वय शाळा उघडते त्या महिन्याशी जुळवून गुरुजींनी १ जून लिहून टाकला. तारखेच्या रकान्यात आकडा दिसतो म्हणून तो निरीक्षणाचा आकडा आहे, असे समजायचे नाही, हा संख्याशास्त्राचा उत्तम धडा येथे आयताच मिळतो. मोजणी करताना मुलांपुढे नावे व जाती मात्र ठेवू नयेत. फक्त महिन्यांची यादी द्यावी.

वंशावळ तपासण्याची दुसरी सोपी रीत कालगणनेची. शिवाजी महाराजांचा जन्म १६३०चा, संभाजी महाराजांचा १६५७चा, शाहू महाराजांचा १६८२चा. अंतर २७ आणि २५ वर्षे. साधारणपणे पिढीचे अंतर २५ ते ३० वर्षे पडते. एखाद्या वंशावळीत चारशे वर्षांत दहाच नावे असतील, तर पिढीला ४० वर्षे येतात. मधली काही नावे गळली असण्याचा संभव मोठा. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव, नातू बाळाजी बाजीराव, आणि पुढे पुन्हा बाजीराव! अशा घरात दोन माणसे एक होणे किंवा एकाची दोन होणे सहज शक्य असते.

वर्गातील प्रकल्पही थोडा बदलावा. ‘किती पिढ्या सांगता येतात’ याला गुण न देता प्रत्येक नावापुढे ‘हे कशावरून?’ असा रकाना ठेवावा: आजीने सांगितले, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, छापील ग्रंथ. आईकडची बाजू वडिलांकडच्या बाजूइतकीच मोठी काढावी. ज्या मुलाला आई किंवा वडील नाहीत, त्याला आपल्याला वाढवणाऱ्या माणसांचे झाड काढू द्यावे. दत्तकाची परंपरा त्याच्या बाजूची आहे. अशा तक्त्यांत दोन पिढ्यांचा पण पुराव्यासह भरलेला तक्ता बारा पिढ्यांच्या नकलेपेक्षा सरस ठरेल आणि वर्गाला ते दिसेलही.

राहता राहिली आपली बाजू. आईचे नाव १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी लिहिणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे; त्याआधी जन्मलेल्यांच्या नोंदींतही ते पूर्ण व शुद्ध असावे. आडनाव पालक सांगतील तसेच लिहावे, आपल्या सोयीने बदलू नये. जन्मस्थळाच्या रकान्यात नुसते ‘मुंबई’ न लिहिता वस्ती, आणि मूळ गाव लिहिण्यास जागा असेल तेथे तालुका-जिल्हा लिहावा. मुंबईच्या पावसात भिंतीला लागून असलेले कपाट ओल धरते. जुनी रजिस्टरे तेथून हलवून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. प्रवेशाच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या बाईचे नाव विचारून लिहायला अर्धे मिनिट पुरते. साठ वर्षांनी कोणाचा तरी नातू तीच ओळ शोधत येणार आहे.